वासराची वादी

मी एक जुना चामडी पट्टा आहे, मित्रांनो. कंबरेचा नव्हे हं! मला कंबरेला बांधायचं तर राक्षसच लागेल. मी यंत्राचा पट्टा आहे. जर्मनीत गेर्लिंगेन नावाच्या शहराच्या पलीकडे एका लहानशा गावात लोखंडी सुटे भाग बनवण्याचा जुना कारखाना आहे. आता तिथे छोटं संग्रहालय झालं आहे. कारखान्यात छताखाली एक लांब दांडा फिरतो आणि खाली एक लेथ उभा आहे. त्या दोघांच्या मधे मी ताणलेली असते. दांड्यावरचं चाक फिरलं की मी फिरते, आणि मी फिरले की लेथ फिरतो.

पट्टा असून मी 'फिरते' का म्हणते, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याचं कारण साधं आहे. पट्टा होण्याआधी मी आई होते.

मी जन्मले अमेरिकेच्या मधोमध, कॅन्सस नावाच्या मुलखात. मी बायसन जातीची. तुमच्याकडच्या रानगव्याची लांबची चुलत बहीण म्हणा ना! आमच्या मुलखात डोंगर नाही, झाड नाही. क्षितिजापर्यंत नुसतं गवत. आमचे कळप चालू लागले की सकाळची धूळ संध्याकाळपर्यंत खाली बसत नसे. त्याच मुलखात शायेन आणि कायोवा लोक राहत. ते आमची शिकार करत, यात लपवण्यासारखं काही नाही. पण आमचं मांस ते खात, आमच्या कातड्याखाली झोपत, आमच्या हाडांची अवजारं करत. मारल्यावर गाऊन आमची क्षमा मागत. मरण कोणाला आवडतं? तरीही त्या मरणात आमचा मान होता.

मग पूर्वेकडून गोरी माणसं येऊ लागली. ती का आली, हे मला तेव्हा कुठून कळणार? ते मला पुढे इथे, भिंतीवर टांगलेली असताना लोकांच्या बोलण्यातून कळलं. कोणाला सोनं हवं होतं. कोणाला जमीन हवी होती, आणि त्यांचं सरकार ती जवळजवळ फुकट वाटत होतं. रेल्वे कंपन्यांना एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत रूळ टाकायचे होते. आणि हा सगळा देश देवानेच आपल्याला नेमून दिला आहे, असं त्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटत होतं. देवाने आम्हाला मात्र काही कळवलं नव्हतं!

त्यांच्यात जर्मन माणसंही होती, मित्रांनो. माझ्या कारखान्याच्या याच गावातून कितीतरी घरं उठून तिकडे गेली. इथे बाप मेला की शेताचे सगळ्या मुलांत सारखे तुकडे होत. तुकड्याचे पुन्हा तुकडे. शेवटी एकेकाच्या वाट्याला इतकी चिंचोळी पट्टी येई की त्यावर नांगर वळवायची पंचाईत. हे दुखणं तुमच्या ओळखीचं असेल. पोटासाठी निघालेल्या त्या माणसांना मी दुष्ट म्हणत नाही. पण ज्या जमिनीला ते रिकामी म्हणाले, ती रिकामी नव्हती.

तिथल्या लोकांशी सरकारने करार केला होता. तिथल्या एका मोठ्या नदीच्या दक्षिणेला बायसन जोवर चरत आहेत, तोवर शिकारीचा हक्क तुमचा, असं त्यात म्हटलं होतं. किती सुंदर शब्द! पण त्यातली मेख पाहा. बायसनच उरले नाहीत तर हक्कही उरत नाही. त्याच सुमाराला मोठ्या शहरांतल्या कारखान्यांना यंत्रांसाठी चिवट पट्टे हवे झाले, आणि आमचं कातडं गाईच्या कातड्यापेक्षा चिवट निघालं. आमचं नशीब तिथेच फिरलं.

त्या वर्षी माझं वासरू काही महिन्यांचं होतं. बायसनचं वासरू दालचिनीच्या रंगाचं असतं, तुम्ही पाहिलंय का? मोठं झालं की काळपट होतं. माझ्या पोराचा लालसर रंग नुकता कुठे जाऊ लागला होता. खांद्यावर एक ठिपका मात्र तसाच तांबूस राहिला होता. मी तोच चाटत बसायचे.

शिकारी फार लांब बसला होता. आम्हाला तो दिसला नाही, त्याचा वासही आला नाही. त्याने आधी आमच्या म्हाताऱ्या पुढारणीला पाडलं. पुढारीण पडली की कळपाला कुठे जावं ते कळत नाही. आम्ही तिच्याभोवती जमलो, तिला हुंगत राहिलो. एकेक जण पडू लागली. मग मी पडले. घोड्याला दोर बांधून त्यांनी माझं कातडं ओढून काढलं आणि गाडीत टाकलं. मांसाला कोणी हातही लावला नाही. ते तिथेच सडलं.

आणि माझं पोर गाडीच्या मागे मागे चालू लागलं.

त्याला काय कळणार? गाडीत आईचा वास होता, म्हणजे आई गाडीत होती. दिवसभर ते चाकामागे चाललं. शिकाऱ्यांच्या तळापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी कातड्यांचे गठ्ठे बांधायला वादी, म्हणजे चामड्याची दोरी, कमी पडली. वासराच्या कातड्याला बाजारात कोणी विचारत नसे, पण गठ्ठा बांधायला ते चालत होतं. त्याची एक लांब वादी कापली गेली आणि तिने माझाच गठ्ठा बांधला. त्या वादीच्या एका टोकाला तो तांबूस केसांचा ठिपका तसाच राहून गेला होता.

रेल्वेने आम्ही समुद्रापर्यंत गेलो आणि जहाजाने जर्मनीत आलो. त्या काळी जाताना जहाजातून इथली माणसं जात होती, येताना आमची कातडी येत होती. इथल्या चर्मकाराने मला ओकच्या सालीच्या पाण्यात महिनोन् महिने भिजवलं, घासलं, ताणलं आणि माझ्या लांब पट्ट्या कापून एकापुढे एक चिकटवल्या. मधले तुकडे कळपातल्या इतर जणींचे, पण दोन्ही टोकं माझीच. ती जोडून गोल पूर्ण करायला वादी लागते. पट्टा बसवणाऱ्याने गठ्ठ्याची जुनी वादी उचलली, दोन हातांत धरून ओढून पाहिली आणि म्हणाला, "ही चिवट आहे." माझ्या टोकांना भोकं पाडून त्याने ती त्यांतून ओवली.

अशा रीतीने माझं पोर माझ्याकडे परत आलं, मित्रांनो. माझी दोन टोकं धरून ते माझ्याबरोबर फिरू लागलं. कारखान्यातली माणसं म्हणत, हा पट्टा कसा कधी निसटत नाही! निसटेन कशी?

माझी कामाची वर्षं चांगली गेली. कारखान्याचा मालक शॉयर्ले मला लाडाने 'ब्युफेल' म्हणायचा, म्हणजे गवा. दर शनिवारी तो मला स्वतःच्या हाताने माशाचं तेल चोळायचा. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा चामडं मिळेनासं झालं आणि लोक कारखान्यांतले पट्टे चोरून बुटांना तळवे लावू लागले. तेव्हा शॉयर्लेने मला गोठ्यात गवताखाली लपवलं. कित्येक वर्षांनी मी गवतात झोपले! पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली आणि मी खिळ्यावर गेले. खिळ्यावर मी किती वर्षं लटकले ते मला सांगता येणार नाही. धूळ बसली, कोळ्यांनी जाळी केली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण वादी माझ्यात होती. आम्ही दोघं होतो.

त्या काळात भिंतीपलीकडच्या बोलण्यातून पुढची हकीकत कळत गेली. आमचे कळप संपले. शायेन आणि कायोवा लोकांना उपाशी पोटी राखीव जागांत कोंडलं. त्यांची मुलं दूरच्या शाळांत नेली, त्यांचे केस कापले, त्यांच्या भाषेला बंदी केली. गवताचं मैदान नांगरून टाकलं, पुढे त्याची माती वाऱ्याने उडून गेली. हे सगळं एका पट्ट्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण त्यात मीही होते.

आता मी तुम्हाला अलीकडच्या वर्षांकडे नेते. २०१३ साली गावातल्या काही हौशी लोकांनी मंडळ काढलं आणि कारखाना पुन्हा उभा करायचं ठरवलं. मंडळात मालक शॉयर्लेचा नातू होता, तोही शॉयर्लेच, आता म्हातारा झालेला. आणि होता राजानंद. तो पुण्याजवळच्या पिंपरीचा, गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. दर शनिवारी तो आपल्या मुलीला, प्राचीला घेऊन यायचा. माझ्यावरची धूळ त्यानेच पुसली. त्याचा हात मऊ होता. मला तो पहिल्या दिवशीच आवडला, हे मुद्दाम सांगते.

प्राची अकरा वर्षांची. बाप मराठीत बोलायचा, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. फाशिंग नावाच्या, सोंगं घ्यायच्या सणाला तिच्या वर्गातली निम्मी मुलं डोक्याला पिसं लावून 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी, झाली होती. तशीच पिसं लावून ती कारखान्यात आली, तेव्हा म्हाताऱ्या शॉयर्लेने तिला माझ्याजवळ नेलं.

"अगं, खऱ्या पिसवाल्यांच्या देशातलं काही बघायचंय? हा बघ ब्युफेल. आणि ही वादी. हात लाव. हे केस वासराचे आहेत. माझ्या आजोबांनी मला सांगितलं होतं."

प्राचीने तांबूस ठिपक्यावर बोट फिरवलं. "वासरू का मारलं?"

"गठ्ठा बांधायला."

तिने हळूच डोक्यावरची पिसं काढली आणि खिशात घातली. मग विचारलं, "तुमच्या आजोबांचे भाऊ अमेरिकेत गेले म्हणालात ना? ते जिथे राहिले, तिथे आधी कोण राहत होतं?"

शॉयर्लेने एकदा वादीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हं. हे आम्ही घरी कधी विचारलं नाही."

त्या दिवसापासून पोरीने ध्यासच घेतला. शाळेत तिला वर्गासमोर एका विषयावर बोलायचं होतं. तिने विषय घेतला: बायसन कुठे गेले? शॉयर्लेने तिला कबूल केलं की संग्रहालयाचं उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वादी काढून तो तिला शाळेत न्यायला देईल, आणि संध्याकाळी स्वतः पुन्हा ओवेल. मला धडकी भरली. पण मग वाटलं, जाऊ दे. इतक्या वर्षांत माझ्या पोराबद्दल विचारणारी ही पहिलीच. एक दिवस वर्गात जाऊन येईल.

उद्घाटन एका रविवारी ठरलं. कारखान्याचा दांडा हाताने फिरवायचं हँडल होतं, आणि ते पहिल्यांदा फिरवायचा मान राजानंदच्या आईला द्यायचा, असं मंडळाने ठरवलं. द्रौपदीबाई पहिल्यांदाच जर्मनीला येत होत्या. राजानंदला केवढा आनंद झाला! पण त्याच आनंदात त्याला एक काळजी लागली. ती त्याने शॉयर्लेला सांगितली, तेव्हा मी ऐकत होते.

"आमच्या गावात मेलेली गुरं ओढून न्यायचं काम आमच्या लोकांवर लादलेलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. आई लहान असताना आम्ही लोक बौद्ध झालो आणि अख्ख्या वस्तीने ठरवलं, यापुढे ओढणार नाही. गावाने वाळीत टाकलं. कामं बंद, पाणी बंद. शेवटी गाव सोडावं लागलं. तेव्हापासून आई चामड्याला शिवत नाही. तिने चामड्याची चप्पलसुद्धा कधी घातली नाही."

"मग त्या हँडल फिरवतील ना?" शॉयर्लेने काळजीने विचारलं.

"हँडल लाकडी आहे. पट्टा लांबून पट्ट्यासारखाच दिसतो. फक्त ते केस..." त्याने माझ्या जोडाकडे पाहिलं आणि वाक्य तसंच सोडलं.

उद्घाटनाच्या आधीच्या गुरुवारी ऑफिस सुटल्यावर राजानंद एकटाच आला. त्याने माझी दोन टोकं सैल केली आणि वादी भोकाभोकातून बाहेर ओढली. हळूच ओढली, तुटू नये म्हणून. तिच्या जागी पोलादी चापे ठोकले. मी ओरडले, मित्रांनो. पण चामड्याला आवाज नसतो. तो मनाशीच बोलत होता. "आईला त्रास नको. तिने पुष्कळ पाहिलंय." वादी कचऱ्याच्या काळ्या डब्यात गेली. शुक्रवारी सकाळी गाडी आली आणि डबा रिकामा झाला. इथला कचरा जाळतात.

प्राचीला दुसरी एखादी वादी देता येईल, असं त्याला वाटलं असावं. पोरगी लहान आहे, विसरेल, असंही वाटलं असेल. तो वाईट माणूस नाही. मला तोच तर त्रास आहे.

रविवारी सगळं गाव जमलं. केक, कॉफी, बँड. द्रौपदीबाई पांढरी साडी नेसून, वर जाड कोट घालून आल्या. सून क्षमा त्यांच्या दंडाला धरून होती. "अहो आई, जपून, पायरी आहे," ती म्हणत होती. प्राची त्यांच्या पुढे धावत माझ्यापाशी आली आणि जागच्या जागी थांबली.

"पापा, वादी कुठंय?" पहिल्यांदाच ती मराठीत बोलली.

राजानंद जवळ आला. "काढली मी. जुनी झाली होती गं."

"कुठंय?"

"टाकली. कचऱ्यात."

प्राचीला रडू फुटलं; रडतरडतच तिने ते शॉयर्लेला जर्मनमध्ये सांगितलं. शॉयर्ले तसाच बाहेर डब्याकडे गेला. गाडी शुक्रवारीच येऊन गेल्याचं त्याला ठाऊक होतं, तरी गेला. झाकण उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"काय झालं?" द्रौपदीबाईंनी विचारलं. "पोरगी का रडतेय?"

प्राचीने अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये सगळं सांगितलं. आई, गाडी, मागे चालत आलेलं वासरू, गठ्ठ्याची वादी. गाडीमागे चालत येण्याची गोष्टही शॉयर्लेने तिला सांगितली होती, वासरं तशी यायची म्हणून. क्षमा अडलेले शब्द समजावून देत होती. द्रौपदीबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्या मुलाकडे वळल्या.

"का टाकलीस रे?"

"आई, तू चामड्याला शिवत नाहीस. त्याला केस होते. तुला कसंतरी झालं असतं. आजोबांनी एवढं सोसून जे सोडलं, ते मी तुझ्यासमोर..."

"राजा," त्या म्हणाल्या, "आम्ही ओढायचं सोडलं ते बळजबरीने ओढायला लावत होते म्हणून. जनावराची कधी किळस केली का आम्ही? त्याचा काय गुन्हा?" त्यांनी प्राचीला जवळ ओढलं. "तुझ्या आजोबांनी शेवटची म्हैस ओढली तेव्हा तिचं रेडकू वस्तीपर्यंत मागनं चालत आलं होतं. टोणगा होता, मालकाला नको होता. आम्ही त्याला फडक्याची वात दुधात बुडवून पाजलं. मीच पाजायचे. गाव सोडलं तेव्हा त्याला सोबत आणता आलं नाही. वेशीपर्यंत आलं ते आमच्या मागे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस."

राजानंद खाली बसला. बँडवाले वाजवायचे थांबले होते. काय झालं ते गावकऱ्यांना कळत नव्हतं, पण कोणी केकला हात लावत नव्हतं.

द्रौपदीबाई माझ्याजवळ आल्या. चामड्याला न शिवणाऱ्या त्या बाईने माझ्यावर हात ठेवला. चाप्यांच्या बाजूला माझी रिकामी भोकं दिसत होती. एकात त्यांनी बोट घातलं.

"इथून गेली होती?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, आजी. इथून, मग इथून," प्राची म्हणाली.

आजीने प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं. त्यांचा तळहात खरखरीत होता. माझ्या पोराची जीभ तशीच होती. मित्रांनो, त्या वेळी मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

हँडल त्यांनी फिरवलं. लोक एवढे जमले होते, नाही कसं म्हणणार? अगदी हळू फिरवलं. मी फिरले. लेथ फिरला. टाळ्या झाल्या. चाकावरून जाताना पोलादी चापा 'टक्' वाजला. वादी कधी वाजत नसे.

सोमवारी प्राची वर्गात काय बोलली, ते तिने पुढच्या शनिवारी शॉयर्लेला सांगितलं. सगळं बोलून झाल्यावर तिने रिकामा हात पुढे केला आणि म्हणाली, "वासरू इथे असायला हवं होतं. आम्ही टाकलं." बापाशी ती पुष्कळ दिवस बोलली नाही. द्रौपदीबाई परत गेल्या. जाण्याआधी एकदा येऊन माझ्याजवळ बसल्या होत्या.

ज्यांनी आम्हाला मारलं ते हावरे होते. त्यांचा राग करणं मला सोपं आहे, आणि मी तो पोटभर करते. पण जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझ्या मागे आलेलं पोर माझ्यापासून शेवटी तोडलं ते आईवर जीव टाकणाऱ्या मुलाने. त्याचा राग मी कसा करू? म्हणून मला एकच सांगायचं आहे, मित्रांनो. जुनी वस्तू नीटनेटकी करायला निघाल, जुनं दुःख कोणाच्या नजरेआड करायला निघाल, तर आधी विचारा. ज्याच्यासाठी करता त्याला विचारा. त्या वस्तूत कोण कोणाला धरून आहे, ते बघा. मायेने केलेली चूकही परत फिरत नाही.

अजूनही रविवारी मला फिरवतात. जोड चाकावर आला की माझी गती आपोआप मंदावते. मागे कोणी राहिलंय, त्याला गाठू द्यावं, अशी सवयच आहे मला. गेल्या वेळी शॉयर्ले म्हणाला, "पट्टा घसरतोय रे, राळ लाव." राजानंद राळेचा डबा घेऊन आला. माझ्या रिकाम्या भोकांवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

"घसरत नाहीये," तो म्हणाला. "थांबतेय ती." आणि डबा तसाच परत ठेवून आला.